राष्ट्रीय सेवा योजना : सेवा, सक्ती आणि अहवाल – एक चिकित्सक अभ्यास

सारांश

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या समाजसेवेचे सर्वांत मोठे आणि दीर्घायुषी माध्यम म्हणून राष्ट्रीय सेवा योजनेकडे पाहिले जाते. या योजनेविषयीचे बहुतेक लेखन गौरवपर किंवा माहितीपर स्वरूपाचे असते. प्रस्तुत लेखात योजनेची वैचारिक पार्श्वभूमी, शिबिर अहवालाची भाषा, कार्यक्रमांचे वेळापत्रक, ‘दत्तक गाव’ ही कल्पना आणि श्रेयांक पद्धतीमुळे निर्माण झालेले नवे प्रश्न यांची चिकित्सा केली आहे. सेवेची नोंद देणाऱ्याच्या बाजूने होते, घेणाऱ्याच्या बाजूने होत नाही, ही योजनेतील मूलभूत उणीव असल्याचे प्रतिपादन येथे केले आहे.

प्रास्ताविक

महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, तत्कालीन केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी देशातील ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजनेचा प्रारंभ केला. आरंभी सुमारे ४० हजार विद्यार्थी तीत सहभागी होते. आज ही संख्या ४० लाखांच्या आसपास पोहोचली आहे. कोणार्कच्या सूर्यमंदिरातील रथचक्र हे योजनेचे बोधचिन्ह असून चक्राचे आठ आरे दिवसाच्या आठ प्रहरांचे सूचक मानले जातात. ‘माझ्यासाठी नव्हे, तुमच्यासाठी’ हे तिचे ब्रीद आहे.

महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावच्या महाविद्यालयातही या योजनेचे एकक असते. वर्षाला १२० तास याप्रमाणे दोन वर्षांत २४० तासांचे नियमित काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर ही तिची चौकट प्राध्यापकवर्गाला परिचित आहे. प्रभातफेरी, प्रार्थना, श्रमदान, बौद्धिक सत्र, गटचर्चा, सायंकाळचा सांस्कृतिक कार्यक्रम आणि शेवटच्या दिवशीचा समारोप हा शिबिराचा क्रम इतका रूढ झाला आहे, की त्याकडे प्रश्नार्थक दृष्टीने पाहण्याची आवश्यकता सहसा कोणाला वाटत नाही. वस्तुतः ज्या गोष्टी अतिपरिचित होतात, त्यांचीच चिकित्सा अधिक निकडीची असते.

सक्ती की स्वेच्छा : एका वादाची पार्श्वभूमी

विद्यार्थ्यांनी राष्ट्रासाठी काही काळ द्यावा, हा विचार योजनेच्या प्रारंभापेक्षा पुष्कळ जुना आहे. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८-४९) ऐच्छिक राष्ट्रीय सेवेची शिफारस केली होती. त्यानंतर १९५९ मध्ये डॉ. चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सेवा समिती नेमण्यात आली. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा त्याग करणारे देशमुख त्या वेळी विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. माध्यमिक शिक्षण पूर्ण करून महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी नऊ महिने ते एक वर्ष इतक्या कालावधीची राष्ट्रीय सेवा अनिवार्य करावी, असे या समितीने सुचविले. आर्थिक भार आणि अंमलबजावणीतील अडचणी यांमुळे ही शिफारस प्रत्यक्षात आली नाही. पुढे के. जी. सैयदेन यांनी विविध देशांतील युवकांच्या राष्ट्रीय सेवेचा अभ्यास करून ती स्वेच्छेवर आधारलेली असावी, असा अभिप्राय दिला. कोठारी आयोगाने (१९६४-६६) मात्र शिक्षणाच्या सर्व टप्प्यांवर समाजसेवेची कोणती ना कोणती जोड असावी, असे म्हटले.

या इतिहासातून एक बाब स्पष्ट होते. सक्ती व स्वेच्छा यांतील वाद सैयदेन यांच्या बाजूने सुटला. परंतु ज्या कारणांनी तो सुटला ती कारणे तात्त्विकापेक्षा व्यावहारिक अधिक होती. सक्ती अयोग्य आहे म्हणून ती नाकारली गेली, असे म्हणण्यापेक्षा ती परवडणारी नव्हती म्हणून नाकारली गेली, असे म्हणणे अधिक युक्त ठरेल. त्यामुळे स्वेच्छा म्हणजे काय, ती कशी जोपासावी, विद्यार्थ्याने ‘नाही’ म्हटले तर त्या नकाराचे स्थान कोणते, या प्रश्नांची चर्चा योजनेच्या आराखड्यात फारशी झालीच नाही. स्वेच्छा गृहीत धरली गेली आणि तिच्याभोवती तास, नोंदवही, प्रमाणपत्र आणि वाढीव गुण यांची चौकट उभी राहिली. पुढच्या दाराने बाहेर ठेवलेली सक्ती अशा रीतीने मागच्या दाराने घरात आली.

येथे आणखी एक भेद लक्षात घेणे अगत्याचे आहे. समाजसेवेच्या माध्यमातून विद्यार्थ्याच्या व्यक्तिमत्त्वाचा विकास साधणे हे योजनेचे घोषित उद्दिष्ट आहे. या वाक्यात विद्यार्थी हे साध्य असून सेवा हे माध्यम आहे. मग ज्या गावात सेवा घडते ते गाव काय आहे? योजनेचे ब्रीद ‘तुमच्यासाठी’ असे सांगते, उद्दिष्ट मात्र ‘माझ्या विकासासाठी’ असे सुचविते. हा अंतर्विरोध केवळ शाब्दिक नाही. पुढील विवेचनातील बहुतेक प्रश्न त्यातूनच उद्भवतात.

शिबिर अहवाल : एका लेखनप्रकाराची चिकित्सा

योजनेचे वास्तव स्वरूप जाणून घेण्यासाठी तिच्या नियमपुस्तिकेपेक्षा शिबिराचा अहवाल वाचणे अधिक उद्बोधक आहे. महाविद्यालयाच्या वार्षिकांकातून आणि विद्यापीठाकडे सादर होणाऱ्या कागदपत्रांतून या लेखनाचा एक स्वतंत्र प्रकारच रूढ झाला आहे. त्याची भाषा जवळजवळ ठरलेली असते. शिबिराचे उद्घाटन मान्यवरांच्या हस्ते ‘करण्यात येते’, वृक्षारोपण ‘करण्यात येते’, जनजागृती ‘करण्यात येते’ आणि ग्रामस्थ ‘उत्स्फूर्त प्रतिसाद’ देतात. कर्मणी प्रयोगाच्या या अखंड मालिकेत कर्ता हरवतो. कोणी केले, कोणाला विचारून केले आणि पुढे त्याचे काय झाले, या तिन्ही प्रश्नांना अहवालात जागा नसते.

अहवालातील संख्यांचेही असेच आहे. किती रोपे लावली हे त्यात असते. पुढच्या मार्गशीर्षात त्यांपैकी किती जगली हे नसते. किती शोषखड्डे खणले हे असते. त्यांतील किती गाळाने भरून निरुपयोगी झाले हे नसते. किती घरांचे सर्वेक्षण केले हे असते. त्या सर्वेक्षणाचे निष्कर्ष ग्रामसभेपुढे वाचून दाखविले का, हे नसते. प्रमुख पाहुण्यांच्या भाषणाचा गोषवारा असतो, परंतु गावातील एकाही स्त्रीचे, शेतमजुराचे किंवा वृद्धाचे वाक्य सहसा नसते. गाव हे या लेखनात पात्र नसून स्थळ असते. नाटकाच्या नेपथ्याप्रमाणे ते मागे उभे असते आणि पडदा पडला की काढून घेतले जाते.

अहवालाच्या या स्वरूपाला कार्यक्रम अधिकारी व्यक्तिशः जबाबदार आहेत, असे मानणे अन्यायाचे होईल. अध्यापनाचा पूर्ण भार सांभाळून शंभर विद्यार्थ्यांच्या एककाची जबाबदारी वाहणारा हा प्राध्यापक असतो. एककातील निम्म्या विद्यार्थ्यांना शिबिरास नेण्यासाठी अनेक वर्षे दरडोई ४५० रुपये इतके अनुदान होते. सात दिवसांच्या हिशेबाने ते दिवसाला सुमारे ६४ रुपये होते. त्यातच भोजन, प्रवास आणि साहित्य भागवावयाचे असे. २०१६ पर्यंत खर्चाचा वाटा केंद्र व राज्य यांच्यात ७:५ या प्रमाणात विभागलेला होता. त्यानंतर तो संपूर्णतः केंद्राकडे गेला. अशा परिस्थितीत ज्या गोष्टी मागितल्या जातात त्याच नोंदविल्या जातात. विद्यापीठ तास मागते, अनुदानाचे लेखापरीक्षण पावत्या मागते, ‘नॅक’च्या मूल्यांकनातील संशोधन व विस्तारविषयक निकष छायाचित्रे आणि प्रशस्तिपत्रे मागतो. २०१० च्या नियमावलीनंतर प्राध्यापकांच्या पदोन्नतीतही अशा कार्याचे गुणांकन आले. गावाकडून मात्र कोणीच काही मागत नाही. म्हणून गावाविषयी काही लिहिले जात नाही.

वेळापत्रक आणि ऋतुचक्र

सेवेचा खरा विषय गाव असता, तर सेवेचे वेळापत्रक गावाच्या गरजेनुसार ठरले असते. प्रत्यक्षात ते परीक्षांच्या तारखांनुसार ठरते. बहुतेक विशेष शिबिरे प्रथम सत्राची परीक्षा संपल्यावर डिसेंबर-जानेवारीत होतात. याच काळात वनराई बंधारा हा श्रमदानाचा सर्वांत लोकप्रिय उपक्रम असतो. रिकाम्या सिमेंटच्या पोत्यांत वाळू-माती भरून ओढ्याचे पाणी अडविण्याची ही पद्धत स्वस्त व सुलभ आहे. परंतु पावसाळा ओसरल्यानंतर ओढ्याला वाहते पाणी असतानाच ती उपयोगी पडते. कमी पावसाच्या तालुक्यात डिसेंबर उजाडेपर्यंत अनेक ओढे कोरडे पडलेले असतात. अशा ठिकाणी घातलेला बंधारा पाणी अडवीत नाही. तो केवळ छायाचित्रात दिसतो. पुढच्या पावसाच्या पहिल्या लोंढ्यात पोती वाहून जातात.

वृक्षारोपणाचेही तसेच आहे. जूनअखेरीस लावलेल्या रोपाला निदान तीन महिन्यांचा पाऊस मिळतो. हिवाळी शिबिरात लावलेल्या रोपाला पुढील पाच महिने कोणी तरी घागरीने पाणी घालावे लागते. ते काम सहसा गावातील स्त्रियांकडे येते आणि त्यांना त्याबद्दल कोणी विचारलेले नसते. याउलट शोषखड्डा, परसबाग, शाळेची रंगरंगोटी, जनावरांचे लसीकरण यांसारखी कामे हिवाळ्यातही उपयुक्त ठरतात. म्हणजे दोष श्रमदानात नाही. गावाचा शेतकरी ज्या ऋतुज्ञानाने आपली कामे लावतो, त्या ज्ञानाला शिबिराच्या नियोजनात स्थान नाही, हा दोष आहे.

‘दत्तक’ गाव आणि गावकूस

‘दत्तक गाव’ या शब्दप्रयोगाचीही चिकित्सा आवश्यक आहे. दत्तक घेतले जाते ते मूल. दत्तक घेणारा वडीलधारा, जाणता आणि समर्थ असतो. शेकडो वर्षे शेती, पाणवठा, जत्रा आणि भाऊबंदकी सांभाळत आलेल्या गावाला अठरा-एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्यांनी दत्तक घ्यावे, ही कल्पना विनोदी वाटावी अशी आहे. परंतु प्रशासकीय भाषेत ती गंभीरपणे रुळली आहे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या उन्नत भारत अभियानातही उच्च शिक्षणसंस्थांनी गावे दत्तक घेण्याची कल्पना कायम राहिली. या शब्दातील पालकत्वाचा भाव गावाला प्रश्न विचारण्याच्या जागेवरून उपदेश ऐकण्याच्या जागेवर नेऊन बसवितो.

शिवाय गाव हे एकसंध नसते. शिबिराचा मुक्काम कोठे पडतो, श्रमदानाचा रस्ता कोणत्या वस्तीकडे जातो, समारोपाच्या व्यासपीठावर कोण बसते, हे प्रश्न जातिव्यवस्थेशी निगडित आहेत. ग्रामस्वच्छता हा महाराष्ट्रातील शिबिरांचा आवडता विषय आहे. गाडगेबाबांचा खराटा हे त्याचे प्रेरणास्थान मानले जाते आणि २००० पासून राबविल्या गेलेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानामुळे त्यास शासकीय अधिष्ठानही मिळाले. परंतु गाडगेबाबांच्या परंपरेत खराट्याबरोबर कीर्तनही होते. आणि त्या कीर्तनात अस्पृश्यता, कर्जबाजारीपणा व अंधश्रद्धा यांवर निर्भीड प्रश्नांचा भडिमार होता. शिबिरांनी खराटा उचलला, प्रश्न मात्र बाजूला ठेवले. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या सफाईचे काम जन्माने लादले गेले, त्या समाजातील विद्यार्थ्याने हाती झाडू घेणे आणि इतर विद्यार्थ्याने तो घेणे, या दोन कृतींचा सामाजिक अर्थ एक नसतो. बौद्धिक सत्रात या भेदाची चर्चा झाली तर शिबिर खऱ्या अर्थाने शिक्षण ठरेल. ती टाळली गेली तर स्वच्छता हा निरुपद्रवी देखावा होतो.

श्रमाशी अपरिचित विद्यार्थी कोण?

योजनेच्या मुळाशी एक विशिष्ट विद्यार्थी गृहीत धरलेला आहे. तो शहरी, सुशिक्षित घरातील, हाताला माती न लागलेला असा आहे. त्याला श्रमाची प्रतिष्ठा कळावी आणि ग्रामीण भारताचे दर्शन घडावे, अशी अपेक्षा आहे. स्वातंत्र्योत्तर पहिल्या दोन दशकांत महाविद्यालयीन शिक्षण ज्या थरापुरते मर्यादित होते, तो पाहता हे गृहीतक समजण्यासारखे आहे. परंतु त्यानंतर महाराष्ट्रात उच्च शिक्षणाचा जो प्रसार झाला, त्याने विद्यार्थ्याचे रूप पालटले. आज तालुक्याच्या महाविद्यालयातील कित्येक विद्यार्थी पहाटे धारा काढून, सुटीत कांदाकाढणीला किंवा कापूस वेचायला जाऊन शिकतात. अशा विद्यार्थ्याला शेजारच्या गावात नेऊन कुदळ हाती देणे आणि त्याला श्रमसंस्कार म्हणणे हे विसंगत आहे. त्याच्या श्रमाला महाविद्यालयाने आजवर ज्ञान म्हणून ओळखलेले नाही. म्हणून ते शिकविण्याचा आविर्भाव महाविद्यालयाला घ्यावा लागतो.

या संदर्भात कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या ‘कमवा आणि शिका’ या कल्पनेशी तुलना उद्बोधक ठरते. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेने श्रमाकडे सेवेच्या नव्हे, स्वावलंबनाच्या दृष्टीने पाहिले. श्रम करणारा विद्यार्थी आणि त्या श्रमाचे फळ घेणारा विद्यार्थी एकच होता. तेथे उपकाराचा प्रश्नच उद्भवत नव्हता. आज एकाच महाविद्यालयात गरजू विद्यार्थी ‘कमवा व शिका’ योजनेत मोबदल्यावर काम करतो आणि तोच विद्यार्थी सेवा योजनेचे १२० तास विनामूल्य देतो. ज्याच्या घरी त्या तासांची मजुरी बुडते, त्याची स्वेच्छा आणि ज्याच्या घरी बुडत नाही, त्याची स्वेच्छा यांची किंमत सारखी मानता येणार नाही.

विद्यार्थिनींचा प्रश्न याहून निराळा आहे. शिबिराच्या भोजन समितीत बहुधा मुलींची नावे अधिक आढळतात, हे अनेक शिबिरांचे चित्र आहे. घरी जे काम ती करते तेच शिबिरातही तिच्या वाट्याला येत असेल, तर व्यक्तिमत्त्व विकास हा शब्द पोकळ ठरतो. तथापि हेही तितकेच खरे, की ग्रामीण भागातील पुष्कळ मुलींसाठी सात दिवसांचे शिबिर ही घराबाहेर मुक्काम करण्याची पहिली संधी असते. निरनिराळ्या जातींचे विद्यार्थी एका पंगतीत जेवतात, एकमेकांची ताटे घासतात, अनोळखी माणसांसमोर उभे राहून बोलतात. योजनेचे हे यश मोठे आहे. ते अहवालात मात्र येत नाही, कारण त्याचे छायाचित्र काढता येत नाही. म्हणजे अहवाल गावावर जसा अन्याय करतो, तसाच तो विद्यार्थ्यावरही करतो.

दोन निराळे प्रयोग

महाराष्ट्रातच या चौकटीबाहेरचे काही प्रयोग झाले आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातील मूल तालुक्यात सोमनाथ येथे बाबा आमटे यांनी सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी हे त्याचे ठळक उदाहरण होय. ती मे महिन्यात, विदर्भातील कडक उन्हाळ्यात भरत आली. तेथे जाण्यासाठी विद्यापीठाचा आग्रह नव्हता. जो आला तो आपल्या इच्छेने आला आणि येण्याची किंमत त्याला ठाऊक होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तेथील जमीन कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसांनी स्वतःच्या कष्टाने उभी केलेली होती. म्हणून शहरातून आलेला तरुण तेथे सेवा देणारा राहत नाही. ज्यांना समाजाने सेवेचा विषय ठरविले होते, तेच त्याचे यजमान आणि शिक्षक होतात. देणारा आणि घेणारा यांच्या जागांची ही अदलाबदल हे त्या छावणीचे शैक्षणिक मर्म आहे. १९८५ मध्ये बाबांनी कन्याकुमारीहून काढलेल्या भारत जोडो यात्रेतही तरुणाईचा सहभाग हा याच प्रकारच्या स्वेच्छेचा होता.

दुसरे उदाहरण गडचिरोलीच्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी २००६ मध्ये सुरू केलेल्या ‘निर्माण’ या उपक्रमाचे. तेथे कामापेक्षा प्रश्न आधी येतो. आपल्या जीवनाचे प्रयोजन काय आणि समाजातील कोणत्या प्रश्नाशी ते जोडता येईल, याचा शोध तरुणाने स्वतः घ्यावा, अशी त्याची रचना आहे. या दोन्ही प्रयोगांना मर्यादा आहेत. ते निवडक तरुणांपर्यंत पोहोचतात आणि प्रभावी व्यक्तिमत्त्वांभोवती उभे राहिले आहेत. लाखो विद्यार्थ्यांच्या शासकीय योजनेने त्यांची नक्कल करावी, असे म्हणता येणार नाही. मात्र स्वेच्छेला किंमत असावी आणि घेणाऱ्याला वाचा असावी, ही दोन तत्त्वे त्यांच्यापासून घेता येतात.

सेवाभावाच्या चिकित्सेची परंपरा भारताबाहेरही आहे. मेक्सिकोत सेवेसाठी आलेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांसमोर इव्हान इलिच यांनी १९६८ मध्ये केलेले भाषण या दृष्टीने प्रसिद्ध आहे. चांगला हेतू हा चांगल्या परिणामाची हमी नसतो आणि ज्यांची भाषाही आपल्याला येत नाही त्यांना मदत करण्याचा अधिकार गृहीत धरता येत नाही, असा त्यांचा रोख होता. भारतीय विद्यार्थी परक्या देशात जात नाही हे खरे. परंतु महाविद्यालयाची भाषा आणि वस्तीची भाषा यांतील अंतर पुष्कळदा दोन देशांतील अंतराइतकेच असते. मराठवाड्यातील किंवा पालघरच्या आदिवासी पाड्यातील बोली न समजता केलेली जनजागृती ही एकतर्फी घोषणाच राहते.

श्रेयांकांचा नवा टप्पा

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० नुसार महाराष्ट्रातील विद्यापीठांत जी नवी अभ्यासक्रम रचना आली, तीत समाजसंलग्न प्रकल्प आणि सह-अभ्यासक्रम यांना श्रेयांक देण्यात आले. राष्ट्रीय सेवा योजना हाही निवडीचा एक पर्याय झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘मेरा युवा भारत’ या व्यासपीठाची स्थापना होऊन स्वयंसेवी कार्याची संगणकीय नोंद करण्याची सोयही झाली. समाजकार्याला अभ्यासक्रमात मानाचे स्थान मिळाले, हे स्वागतार्ह आहे. परंतु देशमुख समिती आणि सैयदेन यांच्यातील जो वाद मिटल्यासारखा वाटत होता, तो यामुळे पुन्हा उघड्यावर आला आहे. ज्या कामावाचून श्रेयांक पुरे होत नाहीत ते काम स्वयंसेवी कसे? आणि ते स्वयंसेवी नसेल, तर त्याला निदान शिक्षणाचे निकष लागू व्हावयास हवेत. म्हणजे विद्यार्थ्याने काय पाहिले, त्याच्या कोणत्या समजुती बदलल्या, कोणते काम फसले आणि का फसले, याचे मूल्यमापन व्हावयास हवे. सध्याची पद्धत या दोहोंच्या मध्ये अडकलेली आहे. ती स्वेच्छेचे नाव घेते, पण तास मोजते; आणि अभ्यासक्रमाचा दर्जा देते, पण अभ्यास तपासत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून राष्ट्रीय सेवा योजना निरर्थक आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. पाच दशकांहून अधिक काळ वर्गखोलीच्या भिंती ओलांडण्याची जी थोडी वाट भारतीय महाविद्यालयांना लाभली, ती मुख्यतः या योजनेमुळेच. १९७३ च्या ‘दुष्काळाविरुद्ध युवक’ या मोहिमेपासून आपत्तीच्या काळात विद्यार्थी धावून गेले, हे नाकारता येणार नाही. प्रश्न हेतूचा नसून रचनेचा आहे.

ही रचना बदलण्यासाठी मोठ्या निधीची प्रतीक्षा करण्याचे कारण नाही. एका गावाशी किमान पाच वर्षांचा संबंध ठेवता येईल. शिबिराचे काम ग्रामसभेत, आणि शक्य तेथे महिला सभेत, मांडून ठरविता येईल. शिबिराची तारीख परीक्षेइतकीच पावसाकडे पाहूनही निश्चित करता येईल. शेतात किंवा घरात श्रम करणाऱ्या विद्यार्थ्याच्या अनुभवाला अभ्यासाचा विषय मानून त्याची नोंद घेता येईल. भोजन समितीत मुलांची आणि नियोजन समितीत मुलींची नावे लिहिता येतील. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अहवालाचा दुसरा भाग एक वर्षानंतर लिहिता येईल आणि त्यात गावकऱ्यांचे म्हणणे, ते प्रतिकूल असले तरी, त्यांच्याच शब्दांत देता येईल.

अशा अहवालात कदाचित वाळलेली रोपे असतील, वाहून गेलेली पोती असतील, ‘पोरं आली नि गेली’ असा एखाद्या म्हातारीचा शेराही असेल. मूल्यांकनाच्या कागदपत्रांत तो शोभणार नाही. परंतु ‘तुमच्यासाठी’ या शब्दातील ‘तुम्ही’ योजनेच्या कागदावर प्रथमच बोलू लागतील, आणि विद्यार्थ्याचे शिक्षण सुरू होण्यास त्याहून योग्य जागा दुसरी नाही.